बुडबुडा मध्यावर येत नाही

चुराप्चाला आलात तर
शाळेमागचं तिसरं घर आमचं,
पश्चिमेला कललेलं,
कुणी हाक मारल्यावर कान द्यावा तसं.

खाली बर्फ आहे, जमिनीच्या पोटात,
मॅमथ फिरायचे तेव्हापासून झोपलेला.
हल्ली उन्हाळे लांबले.
त्याची झोप चाळवते, तो कूस बदलतो
आणि आमची विटांची चूल
दोन बोटं खाली जाते.

पहिल्या वर्षी मी रडले.
दुसऱ्या वर्षी प्रोकोपीला बोल लावले,
म्हटलं, त्या वासिलीसाचं घर बघ, कसं ताठ उभं.
त्याच हिवाळ्यात तिची भिंत उभी फाटली
आणि मला बरं वाटलं.
देव बघत असेल तर बघू दे.

प्रोकोपी गणिताचा मास्तर.
ट्रकचा जॅक लावून त्याने घर उचललं,
लार्चचे ठोकळे खाली सारले,
खिडकीच्या पट्टीवर पाणसळ ठेवली
आणि श्वास रोखून बसला.
हिरव्या नळीत बुडबुडा सरकला, मध्यावर आला.
थांबला.
त्या दिवशी आम्ही लग्नातल्या कपांतून चहा प्यायलो.
ऑगस्टमध्ये तो पुन्हा निसटला.

असं अकरा वर्षं.

फळ्या पाणसळीने ठोकल्या तर भिंत खोटी दिसे,
भिंतीला धरून ठोकल्या तर बरण्या चालू लागत.
सूप वाडग्यात एका काठाला चढलेलं.
प्रोकोपी म्हणाला, सूप सरळच आहे गं,
वाकडा वाडगा आहे.
त्याच संध्याकाळी त्याने टेबलाचे दोन पाय कापले.
आता ताटं सपाट,
जेवणारी माणसं तिरकी.

यंदा याकुत्स्कहून एक पोरगा आला, लेसर घेऊन.
लाल ठिपका भिंतीभर फिरवला,
"सात सेंटिमीटर," म्हणाला,
कुणाचा ताप सांगावा तसा.
नव्या घरासाठी फॉर्म दिला.
आम्ही भरला. खोटं कशाला सांगू?
यादीत आमचा नंबर चारशे बारा.

नात येते सुट्टीत, क्युन्नेय.
काही हरवलं की ती शोधत नाही,
थेट चुलीमागच्या कोपऱ्यात जाते.
तिथं असतात बटणं, खोडरबर, वाटाणे,
माझं अंगुस्तान,
एकदा तर आजोबांचा दात.
शहरात, ती म्हणते, नवव्या मजल्यावर,
पडलेली वस्तू पडेल तिथंच राहते.
मग कुठं बघायचं, कसं कळणार?

नाचता न येणाऱ्यांनी अंगणाला नावं ठेवावीत.
आमचं अंगण खरोखरच वाकडं,
जागोजाग टेंगळं, मध्ये एक डबकं.
धाकटीच्या लग्नात, जूनच्या न संपणाऱ्या उजेडात,
तिथंच आम्ही ओसुओखायचा फेर धरला.
अर्धा फेर चढावर, अर्धा उतारावर.
म्हणणारा म्हातारा वर जाताना धापा टाकी,
ओळ अर्धी सोडी,
आणि खाली असलेले आम्ही सगळे
ती अर्धीच ओळ मोठ्यानं परत म्हणू.
वासिलीसाचा बूट डबक्यात गेला.
ती तशीच नाचली. मी तिचा हात सोडला नाही.

पलंग मात्र प्रोकोपीने कधी नीट केला नाही.
ठोकळा आणून ठेवलाय खाली,
चार वर्षं झाली, धूळ खातोय.

काल भांडलो. जॅकवरूनच.
पाठीला पाठ लावून झोपलो,
मी वरच्या अंगाला, पलंगाची कड धरून.
पहाटे जाग आली तर
घसरत घसरत
त्याच्या पाठीला येऊन टेकले होते.

डोळे न उघडता त्याने विचारलं,
"घर सरकलं का?"

म्हटलं, "नाही. मीच."